दिल्लीहून आलेली एकच ऑर्डर

दिग्रसच्या बाजारात आमचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. सासरे गेल्यावर सासूनं, आमच्या अम्मीनं, ते एकटीनं चालवलं. म्हणून दुकानाला तिचंच नाव. मी सून होऊन आले आणि मोबाइलवर शिकत शिकत दुकानाची वेबसाइट काढली. तीही त्याच नावानं नोंदवली. दारव्हा, पुसद, फार तर अमरावतीहून फोन यायचे.

एकदा पाऊस सरता सरता साइटवरून चक्क दिल्लीची ऑर्डर आली. एक रजई. अम्मीनं कापूस स्वतः निवडला, टाके दुहेरी घातले.

"तिथं थंडी लई असते म्हणते," ती म्हणाली. "बारीक नको भरू."

दिवाळीच्या तोंडावर दिल्लीच्या कोर्टाचं समन्स आलं. गाद्या विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं दावा लावला होता. अम्मीचं नाव म्हणजे त्यांच्या गादीचं नाव, म्हणून ते इंटरनेटवर आम्ही वापरायचं नाही. आमचं म्हणणं ऐकायच्या आधीच कोर्टानं तात्पुरती मनाई दिली होती. साइट उघडली तर कोरं पान. थंडीचा हंगाम तोंडावर असताना!

"माह्या बापानं ठेवलेलं नाव हे," अम्मी म्हणाली. "ह्याइची कंपनी तवा होती का?"

आमच्या वकीलसाहेबांनी कागद वाचून सांगितलं की नावाचं नंतर बघू, आधी हा दावा दिल्लीत चालू शकतो का यावरच भांडावं लागेल. कंपनी म्हणत होती, साइट दिल्लीत उघडते आणि माल दिल्लीत विकला गेलाय.

माझे मिस्टर भडकले. "उघडाले त थे अमेरिकेतबी उघडते! मंग आता अमेरिकेत जाऊ का?"

त्यांना वाटलं, त्या रजईच्या गिऱ्हाइकालाच विचारावं, निदान तो तरी आमच्या बाजूनं बोलेल. त्यांनी ऑर्डरवरच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून एक माणूस हिंदीत म्हणाला, "वकीलसाहब कोर्ट गये हैं." कोणते वकील, म्हणून विचारलं तर त्यानं नाव सांगितलं. ते समन्सच्या कागदांवरच्या, कंपनीच्याच वकिलाचं होतं.

फोन ठेवून मिस्टरांनी ते आम्हाला सांगितलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या कंपनीवाल्यांना थंडी वाजत नव्हती, रजई नको होती. आम्हाला दिल्लीत ओढायला त्यांनी अम्मीच्या हातचे टाके विकत घेतले होते.

दिल्लीला आम्ही तिघं गेलो. अम्मी म्हणाली, नाव माझं आहे, मीच येणार. कोर्टात ती रजई टेबलावर होती, प्लास्टिकमध्ये तशीच बांधलेली. तिथल्या आमच्या वकिलानं एवढंच विचारलं की हे गिऱ्हाईक कोण. समोरचा वकील बराच वेळ कायद्याचं बोलला, पण जजसाहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर त्याला कबूल करावं लागलं की ऑर्डर त्यांच्याच ऑफिसातून गेली होती.

बाहेर आल्यावर अम्मीनं त्या वकिलाला गाठलं. "साहेब, आंगावर घेतली त का एकदा तरी?"

तो घड्याळ बघत निघून गेला.

आणखी दोन खेपांनंतर निकाल आमच्या बाजूनं लागला. साइट नुसती उघडते म्हणून, किंवा अशी मुद्दाम घडवलेली खरेदी दाखवून दिल्लीत दावा चालणार नाही. कोर्टानं दावा कंपनीला परत केला, मनाई उठली. लढायचं असेल तर योग्य त्या कोर्टात जा, म्हणजे आमच्या जिल्ह्याला, यवतमाळला.

साइट पुन्हा सुरू झाली तेव्हा आमच्याकडे कूलर लागले होते. लोक मुबारकबाद द्यायला आले, पेढे मागत होते. "जितले ना तुम्ही!" म्हणत होते. काय जिंकलो? नाव आमचंच होतं, ते आम्हाला परत मिळालं. हंगाम बुडाला त्याबद्दल कंपनीला कुणी साधा जाबही विचारला नाही, आणि दिल्लीच्या खेपांचा शीण अम्मीच्या गुडघ्यांतून अजून गेलेला नाही.

कंपनी यवतमाळला आलीच नाही. यायचंच नव्हतं त्यांना. ज्यांना आपल्या म्हणण्याची खात्री असते ते एवढ्या लांब यायला कायले भितात, ते मला त्या वकिलाला विचारायचं होतं. राहून गेलं, आणि त्याचा राग अजून येतो.