मेव्हिसबाईंची नळी

रॉस डनस्टनला सासूबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक होती: तिला भेटवस्तू आवडत नाहीत. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. या काळात त्याने दिलेल्या शाली, चहाच्या किटल्या आणि एक महागडा रेडिओ तिच्या माळ्यावर खोक्यांतच पडून होता. मेव्हिस ट्रेगियर चौऱ्यांशीची होत आली होती. तिने आयुष्याची तीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावातल्या सफरचंदांच्या शेडमध्ये फळं निवडण्यात काढली होती. ती कमी बोलायची, आणि बोललीच तर समोरच्याने काय चुकवलं तेवढंच सांगायची. रॉस त्याच शेडमधल्या शीतखोल्यांची यंत्रं दुरुस्त करायचा आणि सासूसमोर जरा दबूनच असायचा.

त्या वर्षी मे महिन्यात मेव्हिसचा धाकटा भाऊ वारला. दफनविधीनंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये चहा-सँडविच चाललं होतं. तिथे काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्याने रॉसला विचारलं, तू मेव्हिसचा जावई ना? मग त्याने जे सांगितलं ते रॉसने कधी ऐकलंच नव्हतं. युद्धाच्या काळात ऑरेंजमध्ये रायफलींचा कारखाना होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण मेव्हिस तिथे नळ्या सरळ करायची, हे ठाऊक असलेले आता दोघं-तिघंच उरले होते. पोलादाची नळी कापताना, तापवताना वाकते. ती डोळ्याने बघून, दाबयंत्रात धरून सरळ करायची. म्हातारा म्हणाला, "लिथगोच्या मुख्य कारखान्यातून जाणती माणसं शिकवायला आली होती. सहा महिन्यांत तीच माणसं अडलेली नळी घेऊन हिच्याकडे यायला लागली. अठरा वर्षांची पोर होती."

परतताना गाडीत रॉसने बायकोला, लोरेनला, विचारलं. लोरेनलाही एवढंच माहीत होतं की आई युद्धात 'कारखान्यात' होती. युद्ध संपलं त्या आठवड्यात सगळ्या बायकांना घरी पाठवलं आणि आई सफरचंदं निवडायला लागली. विषय तिथेच संपला होता.

रॉसच्या डोक्यातून मात्र तो जाईना. तो स्वतः गावच्या रायफल क्लबात वीस वर्षं नेम धरत होता. लष्कराने विकून टाकलेल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली त्याने कितीदा हाताळल्या होत्या. ऑगस्टमध्ये मेव्हिसचा वाढदिवस होता. त्याने ठरवलं, ऑरेंजमध्येच घडलेली, तिच्या काळातली एक रायफल शोधायची.

लोरेनने कपाळाला हात लावला. आईकडे परवाना नाही, म्हणजे रायफल तुझ्या नावावर, तुझ्याच तिजोरीत राहणार, मग ही भेट आईला की तुलाच? तरी त्याने पोलिसांकडे खरेदीच्या परवानगीचा अर्ज केला आणि विक्रेत्यांना फोन लावायला सुरुवात केली. लिथगोच्या रायफली पुष्कळ मिळत होत्या. ऑरेंजचा शिक्का असलेली मिळेना. शेवटी जवळच्या बाथर्स्ट गावातल्या विक सँटोरो नावाच्या विक्रेत्याकडे एक निघाली. दस्त्याचं लाकूड काळपट झालेलं, पण धातूवर ऑरेंजची दोन अक्षरं आणि १९४३ साल स्पष्ट होतं.

"वडिलांसाठी घेताय?" विकने कागद भरता भरता विचारलं.

"सासूसाठी."

विकने पेन खाली ठेवलं. "चाळीस वर्षं दुकान चालवतोय. सासूला बंदूक देणारा जावई पहिल्यांदा बघतोय. लोक सहसा तिच्यापासून लपवून ठेवतात."

वाढदिवसाआधी रॉसने रायफल क्लबात नेऊन तपासली. पहिल्या दोन गोळ्या नेमक्या बसल्या. नळी तापली तशा पुढच्या गोळ्या उजवीकडे सरकत गेल्या, आणि दहावी तर लक्ष्याच्या कडेला लागली. गावातला बंदूक-कारागीर डेरेक याने दस्ता खोलला, लाकूड घासलं, परत बसवलं. फरक पडला नाही. डेरेक म्हणाला, जुनी झाली रे, भिंतीवर शोभेल. रॉस हिरमुसला, पण भेट शोभेचीच तर होती, असं म्हणून त्याने मन समजावलं.

रविवारी दुपारी लोरेनने मेंढीचं मटण भाजलं होतं. जेवण झाल्यावर रॉसने तिजोरी उघडली, गोळी आत सरकवणारा बोल्ट वेगळा काढून ठेवला आणि रायफल टेबलावर स्वच्छ टॉवेलवर आणून ठेवली. काय बोलायचं ते त्याने चार दिवस घोकलं होतं. ऐन वेळी तोंडून एवढंच निघालं, "मेव्हिस, ही तुमच्यासाठी. तुमच्याच कारखान्यातली आहे."

मेव्हिसने ती दोन अक्षरं अंगठ्याने चाचपली. रॉसला वाटलं आता डोळे भरून येतील. ते काही आले नाहीत. तिने विचारलं, "नळी दस्त्यातून काढता येते ना? काढ."

रॉसने काढली. मेव्हिस उठली आणि खिडकीपाशी गेली. मागच्याच वर्षी तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. तिने नळीचं एक टोक त्या डोळ्याला लावलं आणि दुसरं खिडकीच्या आडव्या चौकटीवर धरलं. मग नळी बोटांत हळूहळू फिरवू लागली. तिची बोटं एरवी चहाचा कप धरतानाही थरथरायची. आता ती स्थिर होती. ही बाई आपण कधी पाहिलीच नव्हती, असं रॉसला वाटलं.

"मार लागलाय हिला," ती म्हणाली. "नंतर कुणीतरी पाडली असणार. अशी माझ्या हातून गेली नसती." तिने नखाने तोंडाकडून वीतभर अंतरावर खूण दाखवली. "इथे. उजवीकडे. केसाएवढी वाकलीय."

गोळ्या उजवीकडे जातात हे रॉसने डेरेकशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं, लोरेनलासुद्धा नाही.

त्याने नळी घेतली आणि तसंच बघायचा प्रयत्न केला. त्याला आत नुसता झगझगीत उजेड दिसला. मेव्हिस त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. चौकटीची सावली आत रेघेसारखी पडते, ती बघ, असं तिने सांगितलं. रेघ सरळ गेली तर नळी सरळ, कुठे मोडली तर तिथे बाक. रॉसने अर्धा तास डोळा ताणला. शेवटी त्याला रेघ दिसली, मोड मात्र दिसला नाही.

मंगळवारी दोघं डेरेककडे गेले. डेरेकने आधी नम्रपणे हसून नकार दिला, म्हणाला, अशाने नळी फुकट जायची. मेव्हिसने त्याच्याकडच्या मापयंत्रावर ठेवून बघायला सांगितलं. काटा तिने दाखवलेल्या जागीच हलला. डेरेक मग दाबयंत्राकडे वळला.

मेव्हिस दाराच्या उजेडात बसली. डेरेक चाक फिरवायचा, नळी तिच्याकडे द्यायचा, ती बघायची आणि परत द्यायची. "पाव फेरा. नाही, घाबरू नकोस, ती परत उसळते, थोडं जास्त दाबावं लागतं. अजून जरासं. सोड." सातव्या खेपेला तिने नळी डोळ्यापासून दूर केली आणि मांडीवर ठेवली. "झाली."

शनिवारी रॉसने तिला क्लबात नेलं. ऑगस्टची थंडी होती, कॅनोबोलास डोंगराच्या माथ्यावर बर्फ होतं. मेव्हिस गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, कानांवर आवाज अडवणारी कवचं चढवून खुर्चीत बसली. रॉस आडवा झाला आणि तीनशे मीटरवर दहा गोळ्या झाडल्या. पहिल्या आवाजाला ती दचकली ते त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. लक्ष्य तपासलं तेव्हा दहाही भोकं चहाच्या बशीखाली झाकतील इतकी जवळ होती. क्लबातली माणसं आलटून पालटून दुर्बिणीतून बघत होती. मग एकेक जण येऊन मेव्हिससमोर टोपी काढून गेला.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "दिवसाला शंभर नळ्या बघायचे मी. अडीच वर्षं. एकीतूनही गोळी सुटलेली पाहिली नव्हती."

"एकसुद्धा नाही?"

"आम्हाला कोण दाखवणार? खोक्यात जायच्या, खोकी रेल्वेत जायची. मला फक्त आतली रेघ ठाऊक होती." मग ती म्हणाली, "एवढा मोठा आवाज असतो होय. तिकडे न्यू गिनीच्या आघाडीवर आपली पोरं हे रात्रंदिवस ऐकत होती."

रॉसने मान हलवली. या वेळी त्याला सासूशेजारी बसण्याचं दडपण आलं नाही.

त्यानंतर क्लबातले लोक आपल्या नळ्या घेऊन रविवारी रॉसच्या घरी यायला लागले. मेव्हिस खिडकीशी बसायची. आतून गंजलेली नळी आली की ती परत करायची. सांभाळता येत नव्हती तर घेतलीस कशाला, असं विचारायची आणि पुढची मागायची. डेरेक दर आठवड्याला तिच्याकडून शिकायला यायचा. वर्षभराने एका रविवारी त्याने नळी फिरवता फिरवता मध्येच थांबून नखाने खूण केली. मेव्हिसने नळी त्याच्या हातातून घेतली, खिडकीकडे धरून नीट पाहिली आणि म्हणाली, "बरोबर आहे." तो दिवसभर तेच सांगत गावात फिरत होता.