काउंट वाढेपर्यंत

दीड वर्ष झालं. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की आधी विचारतं, "आता कशी आहे ओवी?" मी म्हणतो, "बरी आहे." खरं उत्तर द्यायला अर्धा तास लागतो, आणि विचारणारा पायानं लिफ्टचं दार अडवून उभा असतो. त्यामुळे खरं उत्तर राहून जातं आणि आत नुसते किस्से साठत जातात. सांगणार कुणाला? म्हणून इथे सांगतोय. काही हसायचे आहेत. मला हसू येतं त्यांचं, फक्त जरा उशिरा येतं.

ओवी आमची धाकटी, साडेपाच वर्षांची. तिला ब्लड कॅन्सर आहे. केमोनं आजार गेला, आठ महिन्यांनी परत आला. मग डॉक्टर म्हणाले, आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी हाडांतला मगज तिला द्यायचा. तो मिळेपर्यंत केमो चालू ठेवायची, रक्ताचे काउंट पडले की घरात बसायचं, वाढले की पुन्हा केमो. महाप्याच्या ऑफिसनं मला घरून काम करू दिलं. माझा लॅपटॉप आता डे-केअर वॉर्डातल्या खाटेच्या पायथ्याशी उघडतो.

* * *

पहिल्यांदा केस गेले तेव्हा आम्ही बिल्डिंगमध्ये कुणाला काही सांगितलं नव्हतं. सहाव्या मजल्यावरच्या देशमुख काकू सुप्रियाला, म्हणजे माझ्या बायकोला, जिन्यात भेटल्या. कडेवर ओवी, डोक्याचा तुळतुळीत गोटा.

"अगं बाई, मुंडण? तिरुपतीला जाऊन आलात?"

सुप्रियानं सकाळपासून तीनदा उलटी पुसली होती. समजावून सांगायचं त्राण नव्हतं. ती म्हणाली, "हो."

दुसऱ्या दिवशी काकू दारात. "प्रसाद नाही आणलास गं?"

सुप्रियानं मला घणसोली गावातल्या मिठाईवाल्याकडे पिटाळलं. मी बुंदीचे लाडू आणले, तिनं ते चांदीच्या वाटीत घालून वर नेऊन दिले. काकूंनी डोळे मिटून लाडू कपाळाला लावला. सुप्रिया खाली आली ती थेट बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

आठ दिवसांनी काकू पुन्हा आल्या. "सुप्रिया, त्या प्रसादानं माझा गुडघा दुखायचा थांबला बघ. एखादा लाडू उरलाय का?"

सुप्रियानं फ्रिज उघडला. उरला होता.

* * *

डे-केअरमध्ये आमच्या शेजारच्या खाटेवर सानिका असायची. सात वर्षांची, आजार तोच. तिची आई बेबीताई, नावडे गावच्या. घरचं कालवण, घरची भांडणं, कंपन्यांत गेलेली शेतं, सगळं त्या आपल्या आगरी बोलीत मोठ्यानं सांगायच्या. वॉर्डात त्या आल्या की आवाजानंच कळायचं. सुप्रियाला त्या वैनी म्हणायच्या, मला भाऊ.

एकदा आहारतज्ज्ञ बाई सगळ्या आयांना सांगत होत्या, बाहेरचं नको, कच्चं नको, मासे दिले तर नीट शिजवून द्या.

बेबीताई म्हणाल्या, "शिजवूनच खाताव आमी. कच्चा खायला आमी काय बगले हाव?"

त्या महिन्यात ओवीला स्टेरॉइड चालू होते. स्टेरॉइडची भूक म्हणजे भूक नसते, हुकूम असतो. पहाटे पाचला उपमा, सहाला बटाट्याची भाजी, सातला पुन्हा उपमा. त्यात सानिकानं तिला बोंबलाच्या कालवणाचं वर्णन करून सांगितलं. ओवीनं घरी येऊन जाहीर केलं, "मला बोंबील हवा."

आमचं घर शाकाहारी. मूळचे सांगलीकडचे. माझी आई गळ्यात तुळशीची माळ घालते, आमच्याकडे अंड्याचा केकसुद्धा येत नाही. ओवी दोन दिवस रडली. दुसरं काही तोंडात घेईना. तिसऱ्या दिवशी आईनं माझा फोन मागितला.

"त्या नावड्याच्या बाईंना लाव."

बेबीताईंनी फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि तिकडून एकेक सांगत गेल्या. इकडे गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. नाकाला पदर लावून आई बोंबील साफ करत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिनं मासा हातात धरला नव्हता.

शेवटी बेबीताई फोनवर म्हणाल्या, "आता मीठ बघा चाखून."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. घराबाहेर मी चिकन खातो, हे आईला माहीत नाही असं मी वीस वर्षं समजत आलोय, त्यामुळे मलाही पुढे होता येईना. आईनं माळ काढली, खुंटीला अडकवली, चमचाभर रस्सा हातावर घेतला आणि जिभेला लावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

ओवीनं तीन तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आईनं माळ पुन्हा घातली.

* * *

सोसायटीतले सावंत आणि मी, आमचं पार्किंगवरून तीन वर्षं वैर. माझी गाडी त्यांच्या रेषेच्या अर्धा फूट आत असते, असं त्यांचं म्हणणं. ग्रुपवर ते टेप लावून काढलेले फोटो टाकायचे.

एका दुपारी ओवीच्या प्लेटलेट्स खूप खाली गेल्या. नाकातून रक्त येत होतं, थांबेना. रक्तपेढीत तिच्या गटाच्या प्लेटलेट्स नव्हत्या. मी सगळीकडे मेसेज टाकला, सोसायटीच्या ग्रुपवरही. पंचवीस जणांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. चाळीस मिनिटांनी रक्तपेढीच्या दारात सावंत उभे.

मी म्हणालो, "सावंत, तुम्ही..."

"पार्किंगचा विषय वेगळा," ते म्हणाले आणि बाही वर सरकवत आत गेले.

दीड तास ते मशीनला जोडलेले होते. बाहेर आले, ज्यूस प्यायले, ओवीचं नाव विचारून घेतलं आणि रिक्षानं परत गेले. संध्याकाळी तिचं रक्त थांबलं. घरी आल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर गाडी पुन्हा चालू करून सरळ लावली.

थोड्या वेळानं ग्रुपवर सावंतांचा मेसेज आला, फोटोसकट. "अजून दोन इंच."

त्यानंतर ते आणखी चारदा प्लेटलेट्स देऊन आलेत. मेसेज अजून बंद नाहीत.

* * *

दाता शोधायची सुरुवात घरापासून करतात. सख्खं भावंड जुळलं तर सगळ्यात बरं. ओवीची मोठी बहीण जुई दहा वर्षांची. तिच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घेतला, आमचाही घेतला. रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत जुई ओवीशी एकदाही भांडली नाही. रिमोटसुद्धा मागितला नाही.

रिपोर्ट आला. मी तो वाचून फोन खिशात ठेवला, पण ती समोरच उभी होती.

"किती पडले मला?"

"दहापैकी पाच."

"किती लागतात?"

"दहा."

मग म्हणाली, "आईला किती?"

"पाच. आई-बाबा अर्धेच जुळतात, बाळा. सगळ्यांचेच."

"आणि तुला?"

"पाच."

जुईनं बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात कुणीच हुशार नाही."

आणि आत जाऊन तिनं ओवीच्या हातातून रिमोट हिसकावला. ओवी किंचाळली. सुप्रिया स्वयंपाकघरातून धावत आली, पण ओरडली नाही. दाराला टेकून दोघींचं भांडण ऐकत उभी राहिली.

* * *

मग दात्यांच्या नोंदणीत एक अनोळखी माणूस सापडला. दहापैकी दहा. नाव, गाव काही सांगत नाहीत. एवढंच कळलं की पुरुष आहे, एकोणतीस वर्षांचा. ओवी त्याला 'हाडवाले काका' म्हणायला लागली. तिनं त्याचं चित्र काढलं. उंच, हिरवा शर्ट, आणि पायात एक मोठं पांढरं हाड. ट्रान्सप्लांटचं काम बघणाऱ्या मॅडमनी चित्र घेतलं, म्हणाल्या, "आत्ता देता येणार नाही, पण जपून ठेवते."

तारीख ठरली. त्याच्या दोन आठवडे आधी मॅडमनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मला कळलंच. त्यानं नकार दिला होता. कारण सांगायचं बंधन नसतं. मॅडमनी चित्र परत दिलं. ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होतं, एक सुरकुती नव्हती.

मी ते बॅगेत लपवलं, पण ओवीनं पाण्याची बाटली काढताना पाहिलं.

"काकांना आवडलं नाही?"

माझ्या मनात त्या माणसाबद्दल जे चाललं होतं ते सांगण्यासारखं नाही. मी म्हणालो, "काका नाही येऊ शकत आता."

तिनं थोडा विचार केला. "सुईला घाबरले असतील."

"असतील."

"त्यांना फोन करून सांग ना, आधी ते सुन्न करायचं क्रीम लावतात. मग नाही दुखत. थोडंच दुखतं."

मी सांगतो म्हणालो. पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. माझ्या रागाचं काय करायचं ते मला त्या दिवसानंतर कळलेलं नाही.

आता माझाच, अर्धा जुळणारा मगज द्यायचं ठरलंय. धोका जास्त आहे, पण थांबण्यात त्याहून जास्त आहे, असं डॉक्टर म्हणतात. येत्या सोमवारी ॲडमिशन.

* * *

हा शेवटचा किस्सा गेल्या आठवड्यातला.

सानिका महिन्यापूर्वी गेली. इन्फेक्शन झालं आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. आम्ही ओवीला सांगितलं नव्हतं. रोज विचारायची, आम्ही म्हणायचो, तिचा दिवस बदललाय.

ट्रान्सप्लांटआधीची शेवटची केमो चालू होती. अकराच्या सुमारास बेबीताई वॉर्डात आल्या. एकट्याच. हातात पिशवीसुद्धा नव्हती. कुणाशी न बोलता सानिकाच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसल्या. त्या खाटेवर आता दुसरं बाळ होतं. त्याच्या आईनं गोंधळून पाय आखडून घेतले.

सिस्टरनं हळूच विचारलं, "ताई, काही काम होतं का?"

"काम काय नाय," बेबीताई म्हणाल्या. "घरान बसवत नाय. हितं जरा बसते."

सिस्टरनं त्यांना मास्क आणून दिला. त्यांनी तो लावला.

ओवी झोपेतून उठली आणि त्यांना बघून ताडकन बसली. "मावशी, सानिका कुठंय?"

सुप्रियानं माझा हात घट्ट धरला. मी तोंड उघडलं, पण बेबीताईंनीच उत्तर दिलं.

"तिचा सगला संपला, बाय. आता तिला सुई नाय."

"एकपण नाही?"

"एकपन नाय."

ओवीनं आपल्या हातातल्या नळीकडे बघितलं. तिला सानिकाचा हेवा वाटत होता, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "मग माझं कधी संपणार?"

बेबीताई खुर्चीवरून उठल्या. ओवीच्या खाटेजवळ आल्या, पण हात लावला नाही. केमो चालू असताना बाहेरून येऊन लावायचा नसतो, ते त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं.

"तुजा नाय संपाचा," त्या म्हणाल्या. "तुला अजून लय सुया हायत. लय वरसं. म्हातारी होशी तवापन टोचतील."

ओवीचे डोळे भरले. "मला नको," म्हणत ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सुप्रिया उठली, आणि बेबीताईंच्या पाया पडली.