कोह आंटींच्या घरातली भाडेकरू

प्रियदर्शिनी मेश्राम वर्ध्याहून सिंगापूरला पीएचडीसाठी आली. पहिलं वर्ष विद्यापीठाच्या वसतिगृहात गेलं. दुसऱ्या वर्षी तिथं जागा मिळाली नाही, तेव्हा तिनं विद्यापीठाजवळच्या क्लेमेंटी भागात खोली शोधायला सुरुवात केली. काही जाहिरातींत ‘नो कुकिंग’ लिहिलेलं असायचं, काहींत त्याच्या जोडीला ‘नो इंडियन’. दुसऱ्या प्रकारच्या जाहिराती ती न थांबता पुढं सरकवायची. पाचव्या दिवशी कोह आंटींची खोली सापडली.

कोह आंटी त्र्याहत्तर वर्षांच्या. तरुणपणापासून एका कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवलेल्या, आता निवृत्त. नवरा वारलेला. मुलगी आयव्ही नवऱ्या-मुलांसह बुकित तिमाह भागात राहायची आणि दर रविवारी दुपारी जेवायला यायची. आंटींनी खोली दाखवली, प्रियदर्शिनीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि स्वयंपाकाचा नियम सांगितला.

“फिश कॅन. एग कॅन. करी कॅनॉट.”

प्रियदर्शिनीनं मान डोलावली. सामान लावताना टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला. आंटींनी दारातूनच बुद्धाला हात जोडले आणि फोटोकडे बोट करून विचारलं, “ग्रँडफादर?”

“त्याहून मोठे,” ती इंग्रजीत म्हणाली. आंटींना ते पटलेलं दिसलं.

तिचे दिवस ठरलेले होते. सकाळी बस, मग प्रयोगशाळा. पाणी गाळायचे अतिशय पातळ पडदे बनवायचे, ते फाटले की का फाटले ते वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बनवायचे. जेवण कँटीनमध्ये. संध्याकाळी घरी आली की आंटी टीव्हीसमोर असायच्या. चित्राखाली चिनी अक्षरं सरकत असायची आणि आवाज जवळजवळ बंद. आपल्या अभ्यासासाठीच त्या आवाज बंद ठेवतात, असं प्रियदर्शिनीला वाटे. तिनं आईला फोनवर कौतुकानं तसं सांगितलंही होतं. आई, सरलाबाई, वर्ध्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. “भली बाई दिसते,” त्या म्हणाल्या.

तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी तिला राहवलं नाही. आंटी बाजारात गेलेल्या पाहून तिनं वरणाला लसूण-मिरचीची फोडणी दिली. खिडक्या सताड उघडल्या, तरी वास घरभर झाला. तेवढ्यात आंटी परत आल्या. पिशव्या घेऊन सरळ फ्रिजकडे गेल्या आणि तिच्याकडे पाठ करून भाजी लावू लागल्या.

“सॉरी आंटी,” प्रियदर्शिनी म्हणाली. “पुन्हा नाही करणार.”

आंटींनी फ्रिज बंद केला आणि एक शब्दही न बोलता आपल्या खोलीत गेल्या.

तेव्हापासून ती लक्ष ठेवू लागली. ‘गुड मॉर्निंग’ला कधी उत्तर येई, कधी येत नसे. मागून काही विचारलं तर आंटी वळतही नसत. आपल्याला घरातून काढणार, हे तिनं मनाशी धरलं. ती स्वयंपाकघरात जाईनाशी झाली, चहासुद्धा प्रयोगशाळेतच प्यायची.

“मंग दुसरी खोली पाहून ठेव,” सरलाबाई म्हणाल्या. “असं तोंड चुकवत किती दिवस राहशील?”

ती दोन ब्लॉक पलीकडची एक खोली पाहूनही आली. त्या खोलीला खिडकी नव्हती.

मग एका दुपारी ती किल्ली विसरली. सिंगापुरात पुष्कळ घरांचं लाकडी दार दिवसा उघडं असतं आणि बाहेरची लोखंडी जाळी बंद. जाळीतून तिला आंटी दिसत होत्या. दाराकडे पाठ करून, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्या मुगाच्या लांब मोडांची शेपटं खुडत होत्या. तिनं बेल दाबली, हाका मारल्या, शेवटी जाळी हातानं वाजवली. आंटी शांतपणे शेपटं खुडत राहिल्या. प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. वरणाची एवढी शिक्षा?

आवाजानं शेजारचे मलय वंशाचे काका बाहेर आले. त्यांनी तिला बाजूला केलं, जाळीतून छत्री आत घातली आणि जोरजोरात हलवली. भिंतीवर सावली हलताच आंटी वळल्या आणि लगबगीनं उठल्या.

“तिला ऐकू येत नाही, लाह,” काका सिंगापुरी ढंगात म्हणाले. “वर्ष झालं. तू घरात राहतेस, तुला माहीत नाही?”

दार उघडल्यावर प्रियदर्शिनी आंटींच्या समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, “आंटी, तुम्हाला ऐकू येत नाही.”

आंटी आधी हसल्या. मग तिच्या मनगटाला धरून खाली बसवत म्हणाल्या, “माय डॉटर, यू डोन्ट टेल.” आयव्हीला कळलं तर ती आपल्याला बुकित तिमाहला नेईल. तिथं खाली उतरलं की ना बाजार, ना ओळखीचं माणूस. आयव्ही रविवारी समोर बसून मोठ्यानं बोलते, त्यामुळं आजवर निभावलं.

प्रियदर्शिनीनं वचन दिलं. ते पाळणं तिला जड गेलं. रविवारी आयव्ही आली की ती पुस्तक घेऊन खोलीत बसायची. मात्र घरात आता ती आंटींच्या समोर येऊनच बोलायची, आणि आंटी बऱ्याच बोलक्या निघाल्या.

महिन्याभरानं बाजाराच्या वाटेवर आंटींच्या मागून एक सायकलवाला आला. घंटी वाजवत होता, पण आंटी वाटेतून हलल्या नाहीत. तो कसाबसा बाजूनं निसटला. आंटींच्या हातातली अंडी तेवढी फुटली. घरी येऊन त्यांनी ते सगळं प्रियदर्शिनीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रियदर्शिनी प्रयोगशाळेला दांडी मारून त्यांना पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, घेऊन गेली. तिथून मोठ्या तपासणीची तारीख मिळाली, आणि त्यासाठी घरचं कुणीतरी सोबत हवं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनंच आयव्हीला फोन केला.

“तुला कधीपासून माहीत होतं?” आयव्हीनं विचारलं.

“महिना झाला.”

“आणि तू गप्प राहिलीस? तिला काही झालं असतं तर?”

“तुमचं बरोबर आहे,” प्रियदर्शिनी म्हणाली. आंटी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि यावेळी ते खरोखरचं न बोलणं होतं.

आयव्ही रागीट होती, पण ऐकून घेणारी होती. आईला हलवायचा विषय तिनं एकदा काढला आणि आंटींचा चेहरा पाहून सोडून दिला. तपासणीनंतर दोन्ही कानांना ऐकण्याची यंत्रं बसली. पहिल्याच आठवड्यात आंटींच्या तक्रारी सुरू झाल्या. तुझा पंखा खडखडतो. तू दार आपटतेस. आईशी फोनवर रोज का भांडतेस?

“भांडत नाही आंटी. आमच्याकडे असंच बोलतात.”

पुढं तिची पीएचडीच्या मधल्या टप्प्याची तोंडी परीक्षा आली. सादरीकरणाचा सराव करायला तिनं आंटींना समोर बसवलं. त्या वीस मिनिटं हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. पडद्यांबद्दल त्यांना काही कळलं नाही, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

“पण ‘बेसिकली’ का म्हणतेस इतक्या वेळा?” त्यांनी विचारलं. “मी मोजलं. थर्टी-वन.”

प्रियदर्शिनीनं पुन्हा सुरुवातीपासून सराव केला. तिसऱ्या खेपेला आकडा चारवर आला. परीक्षकांनी तिला पाऊण तास प्रश्न विचारले, एका आलेखावरून चांगलंच धारेवर धरलं आणि मग पास केलं. ती घरी पोहोचली तेव्हा आंटी मासे साफ करत होत्या. निकाल ऐकून त्यांनी मान डोलावली आणि माशांसाठी तिला आलं किसायला बसवलं.