बाई गप्प बसल्या त्या सत्रात

आमच्या हिच्या आवाजाची ख्याती अशी की ती दहावीला रसायनशास्त्र शिकवायची आणि पाठ व्हायचं शेजारच्या आठवीला. मी हे चारचौघांत सांगायचो, लोक हसायचे, ती डोळे वटारायची. मग डॉक्टरांनी तिच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली आणि बजावलं, पुढचे काही महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, चला, घरात जरा शांतता. पहिल्याच संध्याकाळी ती शांतता मला खायला उठली.

मी शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. माझं तोंड मशीनपेक्षा जास्त चालतं असं गिऱ्हाइकं म्हणतात, आणि ते खरंच आहे. म्हणून तिचा आवाज म्हणून मीच तिच्याबरोबर हिंडायला लागलो. भाजीवाल्याकडे, दवाखान्यात, आणि एक दिवस तिच्या मुख्याध्यापकांकडेही.

ते इतिहासाचे माणूस. स्वभावानं वाईट नाहीत, पण सरळ बोलणारे. म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण शिकवणं म्हणजे बोलणं. न बोलता दहावी कशी सांभाळणार?"

हिनं कागदावर लिहून दिलं : वर्गात प्रयोग करून दाखवीन, बाकीची चर्चा संध्याकाळी ऑनलाइन. मुलं घरून लिहितील, मी लिहून उत्तरं देईन.

त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सत्र संपेपर्यंत बघू. शेवटी मी स्वतः वर्गात येऊन बसेन. मुलं मागे पडलेली दिसली तर दहावी दुसऱ्या शिक्षकांकडे जाईल, तुम्ही ग्रंथालय सांभाळा."

ग्रंथालय काही वाईट जागा नाही हो. पण हिचा जीव दहावीत. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे तर जास्तच. रस्त्यानं ती माझ्या पुढे पुढे चालत राहिली. रडत होती, ते मला तिच्या पाठीवरून कळलं. त्या माणसाचा मला असा राग आला की मी दुकानात येऊन एका सदऱ्याची बाही उलटी जोडली.

चर्चा सुरू झाली. रोज संध्याकाळी ही एक प्रश्न टाकायची, मुलं आईबापांच्या फोनवरून उत्तरं लिहायची. आता आमची ही म्हणजे नाकावर माशी बसू देणार नाही, चुकीचं उत्तर कुठून सहन करणार? एका बोटानं टाइप करायची, पण सोडायची नाही कुणाला. 'चूक.' 'हेही चूक.' आणि खाली बरोबर उत्तराचा लांबलचक परिच्छेद. हळूहळू उत्तरं कमी झाली. मग एका पोरानं लिहिलं, 'बाई, उत्तर आधीच टाका ना, आम्ही उतरवून घेतो.'

तिनं फोन माझ्यासमोर धरला. मला हसू आलं. तिला नाही आलं. त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही, आणि मी माझ्या हसण्याबद्दल स्वतःला चार शिव्या घातल्या.

मग तिच्या घशाच्या तपासणीचा दिवस आला. हिनं सकाळीच प्रश्न टाकला : लोखंडी खिळे गंजले तर त्यांचं वजन वाढेल की कमी होईल? आणि घाईत फोन माझ्या कापडाच्या ढिगाखाली राहिला. दवाखान्यात तोबा गर्दी. सगळा वेळ ती पर्स चाचपत होती, मी म्हणत होतो, "अगं, एक दिवस नाही सांगितलं उत्तर तर आभाळ कोसळतंय का?"

परत आलो तर फोनवर संदेशांचा पाऊस. तिनं वाचायला सुरुवात केली आणि मी तिच्या खांद्यावरून.

बहुतेकांचं म्हणणं, कमी होणार. गंजतं म्हणजे झिजतं, खाल्लं जातं. तेवढ्यात सोनाराच्या मुलीनं लिहिलं, 'माझ्या बाबांकडे जुने गंजलेले खिळे नाहीत, पण मागच्या प्रयोगाचे मी घरी नेले होते. नवे होते तेव्हा बाबांच्या काट्यावर तोलले होते. आज परत तोलले. जड झालेत.' वर्गात ही पोरगी कधी तोंड उघडत नसे, हे मला हिनंच पूर्वी सांगितलेलं.

लगेच एकानं लिहिलं, 'तुझ्या बाबांचा काटा खोटा असेल.'

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण सोनाराच्या पोरीला हे म्हणणं म्हणजे खेळ आहे का? ती अशी पेटली! 'सगळं गाव त्या काट्यावर विश्वास ठेवतं.' मग कुणी म्हणालं, खिळे ओले असतील, पाण्याचं वजन. तिनं ते उन्हात वाळवले, पुन्हा तोलले, काट्याचा फोटो टाकला. तरी जडच. आणि मग ज्यानं काटा खोटा म्हटलं होतं त्यानंच लिहिलं, 'म्हणजे काही जात नाहीये. बाहेरून काहीतरी येऊन लोखंडाला चिकटतंय. हवेतून?'

ही हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मग उत्तराचा परिच्छेद लिहायला बोट उचललं, थांबली, आणि एवढंच लिहिलं : 'हवेतून काय? आणि कशावरून?'

त्यानंतर तिनं तेच धरलं. प्रश्न टाकायचा, गप्प बसायचं, आणि फारच झालं तर विचारायचं, कशावरून. पोरांनी तो शब्द असा उचलला की एकमेकांना दुसरं काही विचारेनात.

सत्र संपत आलं. डॉक्टरांनी थोडं थोडं बोलायची परवानगी दिली, तीही नेमकी मुख्याध्यापक वर्गात येणार त्याच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, देव पावला.

"उद्या तोंड उघड," मी म्हटलं. "फळा भरून टाक. त्यांना बोलणंच हवंय ना, मग दाखव बोलून."

"नाही," ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी तिचा पहिला शब्द ऐकला, घोगरा, फाटका, आणि तोही 'नाही', आणि तोही मलाच. मी चिडलो. हट्टापायी हातचा वर्ग घालवशील म्हणालो. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सामान उचलायच्या निमित्तानं मी बरोबर गेलो आणि व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो. पाचावर धारण बसली होती माझी. हिनं भिंतीवर आदल्या संध्याकाळची चर्चा छापून लावली, एक मेणबत्ती पेटवली आणि बाजूला बसली. प्रश्न होता : मेणबत्ती जळून संपते तेव्हा मेण कुठे जातं?

पोरांची जुंपली. मुख्याध्यापक मागच्या बाकावर. ते हिच्याकडे बघत, ही मेणबत्तीकडे. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "अरे, जळलं म्हणजे नाहीसं झालं. त्यात काय एवढं?"

सोनाराची मुलगी उभी राहिली. "सर, कशावरून?"

मी खिडकीचा गज घट्ट धरला. संपलं, म्हटलं.

"दिसत नाही म्हणून," ते म्हणाले.

"पाण्यातली साखरपण दिसत नाही, सर."

मुख्याध्यापकांनी बाक पुढे ओढून घेतला आणि म्हणाले, "बरं. मग शोधायचं कसं?"

तास संपल्यावर ते हिला म्हणाले, "दहावी तुमचीच. फक्त मलाही त्या चर्चेत घ्या. त्या मेणाचं काय झालं ते कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही."

मी घरी येईपर्यंत हवेत होतो. एकटाच बडबडत होतो, बघ, मी म्हणत नव्हतो का, वगैरे. जे मी कधीच म्हटलं नव्हतं ते सगळं. ही चपला काढून पायरीवरच बसली. मला वाटलं, दमली.

"अहो," ती म्हणाली. आवाज जेमतेम निघत होता. "ती पोरगी बोलली आज. वर्गात, सगळ्यांसमोर."

"मग? चांगलंच झालं की."

"तिच्यासारखी किती पोरं माझ्या वर्गात बसून गेली असतील हो, इतकी वर्षं? मीच बोलत होते."

काहीतरी चटकदार बोलायचं सोडून मी तिच्याशेजारी पायरीवर जागा करून बसलो.