फक्कीची वाकडी रेघ

भूतबित मी मानत नाही. अंगात येण्याविरुद्ध कोल्हापुरात चौकाचौकांत पत्रकं वाटलेला माणूस आहे मी, आणि आजही वाटतो. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण झालं ते झालं.

राधानगरीच्या जंगलातला एक धनगरवाडा. सात घरं. डांबरी रस्त्यापर्यंत तासाभराची पायवाट, आणि मधला उतार दर पावसाळ्यात ढासळतो. आजारी माणसाला घोंगड्याच्या डोलीतून न्यायचं, तेही घसरत. अर्ज केले, निवेदनं दिली, देताना फोटो निघाले – वाट तशीच! शेवटी गेल्या मे महिन्यात आम्ही आठ जण कुदळी-फावडी घेऊन स्वतःच गेलो. वाड्यातल्या संगीतावहिनींना आठवा सरत आला होता. दिवस भरणार ऐन जूनमध्ये. म्हणजे वाट पावसाआधी व्हायलाच हवी होती.

चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, बाकीचे वाड्यात न्याहारीला बसलेले. मी एकटा उतारावर फक्की मारत होतो – मैदानावर मारतात तीच पांढरी पूड. रेघ सरळ, ओढ्याच्या कडेनं.

"ओ पावणं! तितनं पाणी उतरतंय की!"

वर एक मावशी उभी. पन्नाशीची, लुगडं खोचलेलं, हातात विळा. आधीच सांगतो – पाय सरळ होते.

"मावशी, नकाशा काढलाय आम्ही."

"कागदावर पाणी वाहतंय व्हय तुमच्या?"

"जवळची वाट हाय ही."

"म्हणून तर ढासळतीया! अवघडल्याली बाई न्यायचीया न्हवं? मग चला माझ्या मागनं. आन् रेघ नीट मारा, रांगोळी न्हवं ती."

चिडलो, पण गेलो. ती पुढं, मी मागनं फक्की सोडत. वरच्या अंगाला वळसा, मग एका उंबराखालनं, मग परत वाकडं... "शाळा शिकलाय न्हवं?" म्हणत दोनदा रेघ पुसायला लावली. मला हसूच यायला लागलं. घरचंच कुणीतरी कान धरतंय असं वाटत होतं. शेवटी पोतं रिकामं झालं, ते झटकून वर बघितलं – मावशी नाही. गेली असेल गवताला, म्हटलं.

बापू, म्हणजे वाड्यातले सगळ्यात थोरले, रेघ बघून थबकले. "ही कुणी मारली?"

मी सांगितलं.

"आमच्या बाया समद्या तुमच्या भाकरी थापत हुत्या की, दादा."

खणायला घेतलं. वीतभर खाली दगड लागला. त्याच्यापुढं दुसरा. चपटे, एकाला एक लावून बसवलेले. फक्की जिथं वळली, तिथं दगडही वळले. कुणीतरी कधीकाळी बांधलेली अख्खी वाट मातीखाली होती, आणि ती बापूंनाही ठाऊक नव्हती! आम्ही तीच साफ केली.

जूनमध्ये धो-धो लागला आणि माझ्या सरळ रेघेची जागा ओढ्यात गेली. तिसऱ्या दिवशी वहिनींना डोलीतून नेलं. मागच्या दांडीला मी होतो. पाय एकदाही सरकला नाही. मुलगी झाली.

नंतर मी आसपासच्या वाड्या पालथ्या घातल्या. असली मावशी कुणाला माहीत नाही. आमच्यातला एक मित्र म्हणतो, उताराचा आकार तुझ्या नजरेनंच टिपला असेल. असेल. मग मला रेघ पुसायला कुणी लावली?

बापूंना विचारलं तर ते तंबाखू मळत म्हणाले, "आली आसंल कुणीतरी काळजीनं. नाव कशाला पायजे? तिच्याकडं बी अर्ज द्यायचाय व्हय?"

अंगात येण्याविरुद्धची पत्रकं मी थांबवलेली नाहीत. पण त्या उतारावर गेलो की उंबरापाशी जरा रेंगाळतो... परत भेटली तर आभार मानणार नाही, ते तिला चालायचे नाहीत. भांडण काढीन काहीतरी.