कशाशी ताडून पाहिले

परमेश्वराने माणसाला दोन डोळे दिले ते एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी म्हणून, अशी आमच्या साडूंची ठाम समजूत आहे. इतका संशयी माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा सापडायचा नाही, आणि असलाच तर साडूंनी त्याच्यावर केव्हाच संशय घेतला असेल. दूधवाल्यावर तर आपण सगळेच संशय घेतो. हे म्हशीवर घेतात. घरात ताप मोजायला तीन थर्मामीटर आहेत. एकदा त्यांतल्या दोघांनी सारखाच ताप दाखवला, तर हे तापाने फणफणलेले असताना उठून बसले आणि म्हणाले, "या दोघांचं संगनमत आहे." माझ्या लग्नात भटजींच्या घड्याळावर विश्वास नाही म्हणून ऐन मंगलाष्टकांत हात वर करून त्यांनी "थांबा" म्हटलं होतं. अंतरपाटाच्या अलीकडे मी आणि पलीकडे आमची ही, दोघं हातात हार घेऊन ताटकळत उभे, आणि हे पाहुण्यांची घड्याळं तपासत मांडवभर फिरताहेत! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून कोणी काही बोललं नाही. मी त्यांना दादा म्हणतो. ते मला "अहो" म्हणतात आणि नंतर क्षणभर बघत राहतात, हा खरंच तोच आहे ना, अशा नजरेने.

त्यात त्यांची नोकरीही अशी की स्वभावाला खतपाणीच मिळावं. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात त्यांनी उभा जन्म काढला. दाबाचे काटे, उष्णतेचे काटे, वजनं, पट्ट्या, सगळं यांच्या टेबलावर यायचं. कुलपातल्या कपाटात प्रत्येक मापाचा एक अस्सल नमुना असे, त्याला ते 'मास्टर' म्हणत. वस्तू मास्टरशी ताडून बघायची, जुळली तर तिला एक चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर तीन ओळी: तारीख, सही आणि 'कशाशी ताडून पाहिले'. निवृत्त होताना त्यांनी कारखान्याकडून शाल घेतली नाही (लोकर खरी नव्हती म्हणे), पण त्या चिठ्ठ्यांचं एक बंडल मागून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला चिठ्ठी आहे, कुकरच्या शिट्टीला आहे, ताईंच्या पोळपाटालासुद्धा आहे. पोळपाटावर लिहिलंय, 'कशाशी ताडून पाहिले: स्टीलचे ताट'.

ताई म्हणजे माझी ही थोरली मेहुणी. या बाईने या माणसाबरोबर चाळीस वर्षं हसतमुखाने काढली, यावरूनच तिची योग्यता कळावी. ताई गायच्या. मैफिलीत नव्हे, हळदीत. बडोद्यातल्या जुन्या शिलेदार घराण्यांतल्या बायका लग्नात जात्यावर हळद दळताना जी गाणी म्हणत, अर्धी मराठी, अर्धी गुजराती, ती ताईंना सासूकडून आली होती. ती कुठे लिहिलेली नाहीत. मग ताईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावंच लागेल आणि आवाजाची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तीन दुपारी बसून दादांनी ती सगळी गाणी रेकॉर्ड केली आणि एका हार्ड डिस्कवर ठेवली. एकाच! मी म्हटलं, दादा, एखादी कॉपी काढून ठेवा. तर म्हणाले, "कॉपी म्हणजे चोराला स्वतःहून दिलेली दुसरी किल्ली." ऑपरेशन झालं, ताई बऱ्या झाल्या. बोलणं राहिलं, घोगरं का होईना. गाणं गेलं.

आणि वर्षभराने ती डिस्क बंद पडली. एका दुकानात दाखवली, तो बिचारा म्हणाला, आठवडाभर ठेवा, बहुतेक निघेल. पण आठवडाभर परक्याच्या घरी बायकोचा आवाज ठेवायचा? दुसऱ्याच दिवशी दादांनी ती परत आणली आणि आतल्या तबकड्या दुकानदाराने बदलल्या तर नाहीत हे बघायला ती उघडली. जेवणाच्या टेबलावर, डोक्यावर पंखा गरगरत असताना, भिंग लावून! मी तिथेच होतो. मी विचारलं, "दादा, तुम्ही आधी कधी आतल्या तबकड्या पाहिल्या होत्या?" म्हणाले, "नाही." "मग त्याच आहेत हे कसं ओळखणार?" यावर त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की तबकड्या मीच बदलल्या असाव्यात. झाकण लावून त्यांनी डिस्क चालू केली, तर आतून टक, टक, टक असा आवाज यायला लागला. त्या आवाजाचा अर्थ मलासुद्धा कळला. दादांनी उठून पंखा बंद केला.

आता इथे मला एक कबुली दिली पाहिजे. त्या गाण्यांची एक कॉपी होती, आणि ती माझ्या कपाटात होती. ऑपरेशनच्या आदल्याच दिवशी, दादा हॉस्पिटलच्या खाटेचे स्क्रू तपासत होते तेव्हा, ताईंनी ती डिस्क गुपचूप माझ्या हातात दिली होती. "भाऊजी, पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. यांना कळता कामा नये." मी गाणी उतरवली, डिस्क ताईंना परत केली, आणि पेन ड्राइव्ह माझ्या लोकरीच्या कानटोपीत लपवला. डिस्क मेली त्या संध्याकाळी मी ताईंना हळूच म्हटलं, "आणून देऊ का?" तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "त्यांनी स्वतःच्या हाताने घालवलंय. आता मी दुसरी काढून पुढे केली, तर मला हे आधीच ठाऊक होतं असा त्याचा अर्थ होतो. जन्मभर मान वर करणार नाहीत. शोधू दे त्यांना." झालं! जगातल्या सर्वांत संशयी माणसापासून लपवलेली वस्तू माझ्या घरात, आणि दर रविवारी मी त्या माणसाकडे चहाला.

पुढच्या महिन्यात दादांनी जाहीर केलं की ते हार्ड डिस्कमधली गेलेली माहिती काढून द्यायचा धंदा सुरू करणार. रावपुऱ्यात एका औषधाच्या दुकानावरची खोलीही घेतली. धंदा कशासाठी हे सगळ्यांना कळत होतं, पण तसं कोणी म्हणायचं नाही असा आमच्यात न बोलता ठराव झाला. मग सुरू झाली यंत्रांची निवड. ती दीड वर्ष चालली. मुलीसाठी स्थळं बघतानाही यांनी इतक्या चौकशा केल्या नव्हत्या. एक जाडजूड वही केली, तिच्यात प्रत्येक विक्रेत्याला एक पान आणि पानावर तीन रकाने: काय सांगतो, का सांगतो, काय सांगत नाही. तिसरा रकाना नेहमी पुरवणी जोडण्याइतका भरलेला असे.

पहिली हवी होती धूळ नसलेल्या हवेची पेटी, कारण डिस्क उघडायची तर हवेत कणही नको, हे आता ते अनुभवाने शिकले होते. अहमदाबादहून एक विक्रेता पेटी घेऊन आला. गोरागोमटा, हसरा, हातात मिठाईचा पुडा. मिठाई बघूनच दादांच्या भुवया वर गेल्या. तो पेटीचे गुण सांगत असताना यांनी देवघरातून उदबत्ती आणली, पेटवली आणि पेटीच्या तोंडाशी धरून धूर कुठे जातो ते बघत बसले. उजव्या कोपऱ्यात धूर थोडा घुटमळला. विक्रेता म्हणाला, "साहेब, भरोसो तो राखवो पडे." दादा म्हणाले, "राखीश. पण पहेलां खोलो," म्हणजे ठेवीन विश्वास, पण आधी उघडा. त्या भल्या माणसाला भर दुपारी पेटीची मागची बाजू खोलावी लागली. कोपऱ्यातली पट्टी खरंच एक दोरा सैल होती! दादांना इतका आनंद झाला की पेटी तिथल्या तिथे घेतली. बिनदोषाची निघाली असती तर परत पाठवली असती याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. खराब डिस्कवरून माहिती काढायची तर आधी तिची हळूहळू, चुचकारत कॉपी काढावी लागते, आणि त्याचं खास यंत्र असतं. जन्मभर कॉपीला चोराची किल्ली म्हणणारा माणूस आता कॉपी काढायचं यंत्र शोधत होता! दिल्लीच्या एकाने फोनवर चित्रफीत दाखवली, मेलेली डिस्क दहा मिनिटांत जिवंत. दादांनी ती सात वेळा पाहिली आणि निकाल दिला, "दहा मिनिटांत सापडलं ते हरवलेलंच नव्हतं." त्यांनी घेतलं ते यंत्र विकणारा एक रडका गृहस्थ होता. तो म्हणाला, "निम्म्या वेळेला काहीच निघत नाही, आणि का ते मलाही सांगता येत नाही." दादा फोन ठेवून म्हणाले, "हा माणूस बरा आहे." उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला दिलेलं हे एवढं एकच प्रशस्तिपत्रक. दुसरी आवडली ती एक छोटी डबी. डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये ती लावली की कॉम्प्युटरला डिस्कमधलं फक्त वाचता येतं, तिच्यावर काही लिहिता येत नाही. ती डबी हातात घेऊन ते म्हणाले, "अशी माणसं पाहिजेत. बघा, पण हात लावू नका."

आमच्या डिस्कमधली, तबकड्यांवर फिरून त्या वाचणारी डोकी मोडली होती, म्हणून तंतोतंत त्याच जातीची दुसरी डिस्क हवी होती, तिची डोकी काढून हिला बसवायला. तिच्यासाठी आम्ही पादरा गावच्या एका भंगारवाल्याकडे स्कूटरवरून सहा खेपा घातल्या. सहाव्या खेपेला नंबर जुळला. भंगारवाला खुशीत येऊन म्हणाला, "लई जाओ दादा, एमज," म्हणजे फुकटच न्या. फुकट म्हटल्यावर आमचे दादा आणखी पाऊण तास थांबले, तो फुकट का देतो हे शोधायला. ऊन मी म्हणत होतं, आणि माझं डोकं फिरायची वेळ आली होती. पण खरं सांगू? घरी येताना ते डिस्कची पिशवी छातीशी धरून मागे बसले होते, आणि मला मधूनच म्हणायचे, "अहो, खड्डा बघा." एका कानटोपीतून मी हे सगळं थांबवू शकत होतो.

थांबवलं नाही. दर रविवारी ते माझ्याकडे रोखून बघायचे, मी चहाने जीभ भाजून घ्यायचो. गेल्या थंडीत एका शनिवारी त्यांनी मला रावपुऱ्याच्या खोलीवर बोलावलं. खाली पाटी होती, 'डिस्कमधली माहिती काढून मिळेल. खात्री दिली जाणार नाही'. गिऱ्हाईक नव्हतं, कारण डिस्क तुमचीच कशावरून, असं हे आधी विचारत. मी बसलो. त्यांनी एक बटण दाबलं, आणि खोलीत ताईंचा आवाज आला. तो जुना, भरलेला, मोकळा आवाज. मी ताडकन उठलो. मध्ये काही क्षण नुसती खरखर, मग गाणं पुन्हा पुढे. "निघालं, दादा!" मी ओरडलो.

"निघालंय," ते म्हणाले, "पण बरोबर निघालंय कशावरून? ताडून बघायला मास्टर पाहिजे." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तो तुमच्याकडे आहे."

मी त त प प करायला लागलो, तर त्यांनी हात हलवला. "दोन वर्षांत तिने एकदाही विचारलं नाही, निघालं का म्हणून. ज्याचं खरंच गेलंय तो माणूस रोज विचारतो. म्हणजे कुठेतरी आहे. आणि ती दुसऱ्या कोणाकडे देईल?"

"मग बोलला का नाहीत? दीड वर्ष उन्हातान्हात..."

"मी घालवलं होतं. मीच आणायला नको?" ते म्हणाले. मी म्हटलं, आत्ता घरी जाऊन घेऊन येतो, ताडून बघू. तर एकदम ताठ झाले. "नाही. तिला वाटतंय मला माहीत नाही. घरात तेवढी एक गोष्ट न तपासलेली राहू दे." मग खणातून त्यांनी एक छोटी पत्र्याची डबी काढली, आत ओल शोषणारी पुडी घातलेली. "कुठे ठेवलंय ते सांगू नका. पण यात ठेवा. पेन ड्राइव्हही मरतात." डबीला चिठ्ठी होती, 'कशाशी ताडून पाहिले: पाण्याच्या बादलीशी'. मला हसू आलं. डबी मी आतल्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. ताई टेबलापाशी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दादांनी आधी पंखा बंद केला, आता त्याची काही गरज नव्हती तरी, आणि लॅपटॉप समोर ठेवला. गाणं सुरू झालं. जात्याशी बसलेल्या नवरीला मावश्या चिडवतात ते. ताईंचे हात थांबले नाहीत, फक्त दाणे उगाचच सालांच्या ढिगात पडायला लागले. मग ती खरखर आली. मी मान खाली घातली. आणि त्या खरखरीच्या जागी, त्या घोगऱ्या, फाटक्या गळ्याने, ताई गेलेली ओळ म्हणाल्या. आपण गातोय हे त्यांना कळलंही नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा. ओळ संपली आणि अगदी त्याच ठिकाणी, जराही मागेपुढे न होता, जुन्या आवाजाने गाणं पुढे उचललं.

दादांनी खिशातून चिठ्ठी काढली, तारीख टाकली, सही केली. तिसऱ्या ओळीपाशी थोडा वेळ थांबले. मग सावकाश, कारखान्यातल्या त्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मूळ गळ्याशी', आणि उठून पंखा लावला.