डेपोला काडी लावणार नाही

आमच्या गावाचा कचरा इतकी वर्षं मी पेटवत आलो. मी नगरपंचायतीत मुकादम आहे. घंटागाडी नदीकाठच्या डेपोवर रिकामी झाली की ढिगाला काडी लावायची, हे काम कुठल्या आदेशात लिहिलेलं नव्हतं, पण ते माझंच होतं. यंदाच्या हिवाळ्यात मी ते बंद केलं. साहेब नाराज आहेत, डेपोजवळची वस्ती नाराज आहे, माझ्या ज्या मुलीमुळे डोळे उघडले तीही धास्तावली आहे. तरी बंद म्हणजे बंद.

गाव जालन्याच्या उत्तरेला, डोंगराच्या खळग्यात. तीन बाजूंनी टेकड्या, चौथीकडून नदी बाहेर पडते तेवढीच वाट. पावसाळ्यात ढीग भिजलेला असतो, पेटत नाही. उन्हाळ्यात वारं असं सुटतं की धूर बघता बघता टेकड्यांपलीकडे जातो, गावाच्या वाट्याला नुसता फुफाटा. हिवाळ्यात मात्र वारं पडतं. सूर्य बुडाला की गार हवा टेकड्यांवरून उतरून नदीकाठाला बसते, ती सकाळी ऊन चांगलं तापेपर्यंत हलत नाही. हे मला आता कळतं. पूर्वी मी ढीग दुपारी पेटवायचो, तर पेठेतले दुकानदार ओरडायचे, कापडावर काजळी बसते म्हणायचे. मी शहाणपणा केला. दिवेलागणीला पेटवू लागलो. अंधारात धूर दिसेना, तक्रारी थांबल्या, साहेबांनी पाठ थोपटली.

माझी मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. नदीकाठचा रस्ता सपाट आहे, म्हणून भरतीची सगळी पोरंपोरी पहाटे तिथंच पळतात. दिवाळीनंतर तिचा दम लवकर तुटायला लागला. घरी येऊन खोकत बसायची. मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. "मोबाईल पाहत जागती राहतीस, मंग दम कुठून येईल?"

तिची आई भाकरी थापता थापता म्हणाली, "लेकराच्या छातीत घरघर आहे, अन् तुम्ही मोबाईलचा विषय काढून राह्यले."

एका रविवारी सकाळी मुलगी म्हणाली, "पप्पा, आज पळत न्हाई मी. चला, वर जाऊ." वर म्हणजे टेकडीवर, देवीच्या मंदिरापाशी. अर्ध्यात मला धाप लागली.

"तंबाखू," ती मागे न पाहता म्हणाली.

माथ्यावर लख्ख ऊन होतं, हवा गार आणि स्वच्छ. खाली गाव नव्हतं. करड्या धुराचा सपाट थर पसरला होता आणि त्यातून पाण्याच्या टाकीचं डोकं तेवढं वर आलं होतं. नदीकडे थर सगळ्यात दाट. तिथून धुराची एक बारीक रेघ सरळ वर चढत होती आणि छताला लागल्यासारखी आडवी पसरत होती. माझा कालचा ढीग अजून धुमसत होता.

"ढिगाच्या अलीकडं बाभळी आहेत, धुरात दिसत न्हाईत. तिथून सुरू करतो आम्ही पळायला," ती म्हणाली.

"आधी का न्हाई सांगितलं?"

"तुमची नोकरी आहे ना पप्पा ती."

तिनं मला दोष दिला असता तर मी भांडलो असतो. तिचे पळायचे बूटही त्याच नोकरीतून आले होते. आणि पळणारी काही ती एकटी नव्हती.

त्या संध्याकाळी मी काडी लावली नाही. घंटागाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "मुकादम, काडीपेटी विसरले का?"

"न्हाई. आजपासून पेटवायचं न्हाई."

"मंग काय, हार घालायचा ढिगाला?"

ढीग फुगला, वास सुटला, वस्तीतल्या बायका मला तोंडावर बोलल्या. साहेबांनी बोलावलं. मी म्हणालो, "लोकांना ओला-सुका वेगळा द्यायला लावा. ओला मी खड्ड्यात पुरतो, सुका भंगारवाला नेईल. पेटवायला सांगू नका."

"इतकी वर्षं पेटवला तो?"

"चुकलं, साहेब."

"पोरगी पळते म्हणून सुचलं हे. तिला टेकडीवर पळव."

"अन् बाकीचं गाव कुठं नेऊ?"

"मी दुसऱ्याला सांगतो मंग."

"सांगा. मी तिथंच आहे."

साहेबांनी काडी लावायला ड्रायव्हरला पाठवलं. तो आला तेव्हा मी ढिगावर बसलो होतो. "उतरा मुकादम, साप असतेत त्याच्यात."

"तू लाव काडी. मंग उतरतो."

तो हसला, एक कचकचीत शिवी दिली आणि गाडी घेऊन गेला.

गावात धूर अजून आहे. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जळतात, वीटभट्टी चालू आहे. मुलीचा खोकला पूर्ण गेलेला नाही आणि जालन्याला तिची मैदानी चाचणी व्हायची आहे. "तुमची नोकरी गेली तर माझ्या भरतीचं काय?" असं ती विचारते, आणि तिचं बराबर आहे.

परवा साहेब म्हणाले, "तुला पाणीपुरवठ्याला टाकतो. डेपोचा अन् तुझा संबंध संपला."

मी म्हणालो, "टाका साहेब. ड्युटी सुटल्यावर मी डेपोवर जाऊन बसेन. त्याला तुमची ऑर्डर लागत न्हाई."